मालवणात बसून केलेलं कृष्णविवराचं वजन

मी पीएचडीला नाव नोंदवलं तेव्हा मला अडतिसावं लागलं होतं आणि मालवणच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून चौदा वर्षं झाली होती. स्टाफरूममध्ये एका सरांनी विचारलं, "आता कशाला? प्रमोशनसाठी?" मी हो म्हटलं. खरं कारण सांगायची लाज वाटली. चौदा वर्षं मी दुसऱ्यांनी मोजलेले आकडे फळ्यावर लिहीत आले होते, आणि एकदा तरी एखादा आकडा आपण स्वतः मोजावा, असं मला फार वाटत होतं. एवढंच.

नवऱ्याला मात्र खरं सांगितलं. तो एसटीचा ड्रायव्हर. तेव्हा त्याच्याकडे मालवण-बांदा गाडी होती. मी त्याला समोर 'तुमी' म्हणते. लिहिताना 'तो' लिहिते, त्याची त्याला हरकत नाही. ड्युटीवरून येऊन तो पडवीत बूट काढत बसला होता.

"कसलो आकडो?" त्याने विचारलं.

"वजन. कृष्णविवराचां."

"तां खंय आसा?"

"लांब. खूप लांब. थंयसून उजेड निघालो तेव्हा माणूस जन्माक पण इल्लो नाय."

त्याने दुसरा बूट काढला, मोजे झटकले आणि म्हणाला, "मगे कर. सकाळचो डबो मी करीन."

पुढची सगळी वर्षं, पहाटेची ड्युटी नसेल त्या दिवशी, डबा त्यानेच केला. बांगड्याचं तिखलं त्याला माझ्यापेक्षा चांगलं जमतं, हे इथे लिहून ठेवते.

माझा विषय थोडक्यात सांगते. काही दीर्घिकांच्या मधोमध एक प्रचंड कृष्णविवर असतं. त्यात पडणारा वायू तापतो आणि उजळतो. अशांतल्या काहींमधून एक झोत बाहेर फेकला जातो. तो झोत नेमका आपल्या दिशेने रोखलेला असला की त्याचे गॅमा किरण आपल्यापर्यंत पोचतात आणि अवकाशातली दुर्बीण ते टिपते. अशा दीर्घिकांमधल्या कृष्णविवरांची वस्तुमानं काढायची, हे माझं काम. वस्तुमान म्हणजे वजन नव्हे, हे मी अकरावीच्या वर्गात दर वर्षी घसा फोडून सांगते; पण घरी आम्ही वजनच म्हणायचो, म्हणून इथेही तेच म्हणते.

कृष्णविवराभोवती वायूचे ढग फिरत असतात. कृष्णविवर जितकं जड, तितके ते वेगाने फिरतात. ते ढग ठरावीक रंगांचा उजेड देतात. तो उजेड पसरून पाहिला की त्यात उंचवट्यासारख्या रेषा दिसतात. ढगांचा वेग जास्त असेल तर ती रेषा रुंद होते. म्हणजे रेषेची रुंदी मोजली की वेग मिळतो. ढग किती अंतरावर आहेत हे त्या दीर्घिकेच्या तेजावरून ठरवतात. तेज जास्त, तर ढग लांब. वेग कळला, अंतर कळलं, की वजन काढता येतं. आणि मोठमोठ्या दुर्बिणींनी टिपलेले असे पसरलेले उजेड, म्हणजे वर्णपट, कोणालाही उतरवून घेता येतात. त्यासाठी डोंगरावर जाऊन राहावं लागत नाही. मालवणच्या कॉलेजातली लॅब आणि माझा जुना लॅपटॉप यांवर माझं भागलं.

माझ्या मार्गदर्शक एका दूरच्या शहरात होत्या. मी त्यांना मॅडम म्हणायचे, वयाने त्या माझ्याहून चार वर्षांनी लहान होत्या. आठवड्यातून एकदा आम्ही लॅपटॉपवर समोरासमोर बसायचो.

पहिलं वजन मी आठ महिन्यांनी काढलं. अपेक्षेपेक्षा फारच कमी आलं. मला वाटलं, हे काहीतरी निराळंच हाताला लागलं. कोणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना. मॅडमना सांगायचं सोडून मी नवऱ्याला फोन केला. तो तेव्हा सावंतवाडीला उभा होता. त्याने कंडक्टरला सांगितलं, कंडक्टरने पुढच्या बाकांवरच्या लोकांना सांगितलं, आणि इन्सुलीला माझं माहेर असल्यामुळे तिथे उतरलेल्या एका बाईने ते माझ्या आईच्या दारात नेऊन पोचवलं. संध्याकाळी आईचा फोन. "काय गो, तुजां नाव पेपरात येतलां म्हणतत?"

दोन दिवसांनी मॅडमनी माझा आलेख पाहिला. त्यांनी तो पडद्यावर मोठा केला. मग म्हणाल्या, "या रेषेच्या डोक्यावर हे निमुळतं टोक दिसतंय? ते जवळच्या ढगांचं नाहीये. ते खूप लांबच्या, सावकाश फिरणाऱ्या वायूचं आहे. ते तुम्ही वेगळं काढलंच नाहीत. म्हणून रेषा अरुंद वाटली आणि वजन कमी आलं."

बरोबर होतं त्यांचं. पुस्तकात मी ते वाचलंही होतं. चौदा वर्षं मुलांच्या उत्तरपत्रिकांवर 'काळजीपूर्वक पाहा' असं लाल शाईने लिहिणारी मी, आणि माझ्याच आलेखातलं ते टोक मला दिसलं नव्हतं.

घरी आल्यावर मी नवऱ्याला म्हटलं, "आता कंडक्टराक काय सांगशात? सगळ्या गाडयेत झालां."

"काय सांगूचां? चुकलां म्हणान सांगीन." तो भाकरी थापत होता, मान वर न करता म्हणाला. "परत करूक घेतलां आसा म्हणान सांगीन."

त्याने तसंच सांगितलं. नंतर कित्येक महिने बांद्याच्या स्टँडवर मला ओळखणारी माणसं विचारायची, "वजन झालां काय गो?" त्यात कुचेष्टा नव्हती. घराचं बांधकाम कुठवर आलं, असं विचारतात ना, तसं ते विचारणं होतं.

मी एक जाड वही घेतली. प्रत्येक रेषा किती तऱ्हांनी मांडून पाहिली, काय काढलं, काय ठेवलं, का ठेवलं, सगळं तारीख घालून लिहायला लागले. आधी एका दीर्घिकेला मी दोन दिवस द्यायचे, आता तीन आठवडे द्यायला लागले. बैठकीत मॅडम माझा आलेख बघण्याआधी वहीची पानं दाखवायला सांगू लागल्या. मला ते फार बरं वाटायचं.

असं करत करत वीसेक दीर्घिका झाल्या. मग एक अशी आली, जिचं वजन आधीच छापून आलेलं होतं. ते काढणारे शास्त्रज्ञ परदेशातले, या विषयातलं मोठं नाव. त्यांच्या लेखांवरूनच मी हे काम शिकले होते. माझं उत्तर त्यांच्या उत्तराच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी आलं.

मॅडम म्हणाल्या, "मागच्यासारखं तर झालं नसेल ना?"

विचारणं रास्तच होतं, पण लागलं. मी म्हटलं, "मॅडम, मला एक महिना द्या."

त्या महिन्यात मी ती रेषा अकरा तऱ्हांनी मोजली. रुंदी हलेना. त्यांची रुंदी आणि माझी रुंदी जवळपास सारखीच होती! म्हणजे वेगात भांडण नव्हतं. भांडण होतं ते अंतरात. मी अंतर रेषेच्या स्वतःच्या तेजावरून काढलं होतं, आणि त्यांनी त्या दीर्घिकेच्या एकूण उजेडावरून. दोन्ही पद्धती मान्य असलेल्या. मग दोन्हींतून एकच उत्तर यायला हवं होतं, आणि ते येत नव्हतं.

मी त्याच दीर्घिकेचे जुने वर्णपट शोधायला लागले. तीन मिळाले. त्यांतला एक, त्यांनी वापरलेल्या वर्णपटाच्या बऱ्याच आधीचा होता. गणपतीची सुट्टी होती, कॉलेज बंद. मी शिपाईमामांकडून किल्ली घेऊन लॅबमध्ये जाऊन बसले होते. दोन्ही आलेख एकावर एक ठेवले. जुन्यात एकूण उजेड अगदी मंद, नव्यात कितीतरी पट जास्त. आणि रेषा? रेषा दोन्हींत जवळजवळ तेवढीच.

मी उठून खिडकीपाशी गेले, परत आले, परत पाहिलं. तो वाढलेला उजेड जर कृष्णविवराजवळच्या तापलेल्या वायूचा असता, तर तो भोवतीच्या ढगांवर पडला असता आणि रेषाही उजळली असती. रेषेला त्याचा पत्ताच नव्हता. म्हणजे तो उजेड झोताचा होता. थेट आपल्याकडे रोखलेल्या झोताचा. त्या दिवसांत झोत भडकलेला होता, आणि शास्त्रज्ञांनी तो सगळा उजेड हिशेबात धरून ढग होते त्याहून लांब मानले, म्हणून त्यांचं वजन फुगलं.

या वेळी मी कोणाला फोन केला नाही. वहीत लिहिलं. तीन वेळा लिहिलं. पुढच्या बैठकीत मॅडमना दाखवलं. त्यांनी दोन्ही आलेख पाहिले, चष्मा काढला आणि एकच वाक्य म्हणाल्या, "याबद्दल त्यांना पत्र तुम्ही लिहायचं, मी नाही."

रविवारी मी नवऱ्याच्या गाडीने बांद्याला गेले. येताना इन्सुलीला उतरून आईकडे जायचं होतं. बांद्याच्या स्टँडवर अर्धा तास गाडी थांबते. चहा घेताना मी त्याला सगळं सांगितलं, झोताचंही.

तो म्हणाला, "ह्यां माका समाजलां. समोरच्यान तोंडार लायट मारल्यान तर गाडी केवढी तां कळणा नाय. रिक्षा पण ट्रकासारखी वाटता."

"मगे तुमी काय करतास?"

"लायटीत बगणयच नाय. कडेक बगतंय."

"मी पण तांच केलंय," मी म्हटलं. "झोताचो उजेड सोडून दिलंय, ढगांचो उजेड धरलंय."

त्याने चहाचा घोट घेतला. "आणि त्या मोठ्या माणसान लायटीत बगल्यान?"

"होय."

"मगे लिव तेका. भियातंस कित्याक?"

भीती इंग्रजीची होती. शिकवताना मी अर्धं इंग्रजी, अर्धं मराठी बोलते; सलग इंग्रजीत कोणाशी वाद घालायची वेळ कधी आली नव्हती. पत्र चार दिवस लिहीत होते. उत्तर दोन दिवसांत आलं, तीन ओळींचं. त्यांच्या गटाची दर आठवड्याला बैठक होते, तीत तुम्ही हे मांडाल का, असं त्यांनी विचारलं होतं. त्यांची सकाळ, आमची दुपारची दीडची वेळ.

आठ दिवस मी घरात सराव केला. समोर नवरा बसायचा. त्याला इंग्रजी फारसं येत नाही, पण कुठे मी अडखळते ते त्याला बरोबर कळायचं. तिथे तो बोट वर करायचा. एकदा त्याने विचारलं, "तुजां वजन तरी नक्की बरोबर कशावरसून?" मी सांगितलं, नक्की बरोबर कधीच नसतं, दोन-तीन पटींनी इकडेतिकडे होऊ शकतं. तो चक्रावला. "दोन-तीन पट? आणि तरी तुमी तेका मोजणां म्हणतास?" मी म्हटलं, "किती चुकू शकता, तां पण आमी मोजतोंव. आणि तां पण लिवन ठेवतोंव." याच्यावर त्याने वर केलेलं बोट खाली घेतलं. मग म्हणाला, "तां बरां आसा."

बैठकीच्या दिवशी एक वाजून दहा मिनिटांनी कॉलेजातली वीज गेली. लॅबमधलं सगळं बंद. मी लॅपटॉप छातीशी धरून जिन्यात उभी होते, काय करावं सुचेना. प्राचार्य जेवायला निघाले होते. माझं तोंड बघून त्यांनी विचारलं, मी सांगितलं. त्यांनी आपली खोली उघडली, तिथे इन्व्हर्टर होता. टेबलावरचे कागद एका हाताने बाजूला सारून म्हणाले, "इथे बसा. माझ्याच खुर्चीत बसा." स्वतः ते पाहुण्यांच्या खुर्चीत बसले. त्यांच्या शेजारी, खाकी कपड्यांतच, माझा नवरा येऊन बसला. त्याची गाडी नुकतीच लागली होती, पुढची तीन वाजता सुटणार होती.

पडद्यावर दहा-बारा चेहरे होते. ते शास्त्रज्ञ पांढऱ्या दाढीचे, वरच्या कोपऱ्यात. मॅडमही होत्या, आवाज बंद करून. मी बोलायला लागले. पहिली पाच मिनिटं माझा आवाज मलाच परका वाटत होता. मग ते दोन आलेख आले, एकावर एक, आणि मी इंग्रजी बोलते आहे हे विसरून गेले.

संपल्यावर एका तरुण मुलीने पहिला प्रश्न विचारला, आणि तो कठीण होता. ते ढग भाकरीसारख्या चपट्या चकतीत फिरत असतील आणि आपण वरून बघत असू, तर त्यांचा खरा वेग आपल्याला दिसणारच नाही. मग तुमचं वजनही कमीच येईल, नाही का?

वहीत तो प्रश्न मी स्वतःला दोन महिन्यांपूर्वी विचारला होता. मी म्हटलं, हो, तसं असू शकतं. म्हणूनच मी एक आकडा देत नाही, पल्ला देते. पण तसं धरलं तरी उजेड झोताचा आहे ही गोष्ट बदलत नाही, आणि अंतर त्या उजेडावरून काढता येत नाही. एवढंच माझं म्हणणं आहे, याहून जास्त नाही.

त्या मुलीने मान डोलावून ते लिहून घेतलं. मग ते शास्त्रज्ञ पुढे झुकले आणि त्यांनी जुना आलेख परत दाखवायला सांगितलं. मी दाखवला. ते बघत राहिले. त्याच वेळी नवऱ्याने घड्याळ पाहिलं, उठला, प्राचार्यांना नमस्कार केला आणि दार हळूच लोटून निघून गेला. पावणेतीन झाले होते.

तो गेल्यावर ते शास्त्रज्ञ बोलले. म्हणाले, "तुमचं बरोबर आहे. झोत भडकलेला असतानाचा वर्णपट मी वापरला, आणि तो जुना वर्णपट पाहायला हवा होता, तो पाहिला नाही." मग त्यांनी विचारलं, माझ्या सगळ्या मांडण्या त्यांना पाठवता येतील का, म्हणजे त्यांच्या यादीतल्या बाकीच्या दीर्घिकाही तपासून बघता येतील. मॅडमनी आवाज चालू केला आणि हसल्या. प्राचार्यांना काय झालं ते नीटसं कळलं नव्हतं. तरी ते उभे राहिले आणि टाळ्या वाजवायला लागले. त्या खोलीत एकट्याच माणसाच्या टाळ्या. मी उठून त्यांची खुर्ची त्यांना मोकळी करून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारात पेडवे घ्यायला गेले. मासे विकणारी बाई ओळखीची. ती टोपलीवरून ओरडली, "अगो बाय, तुजां बरोबर इलां मां? तुज्या घोवान काल गाडयेत सांगल्यान!"

मी चकित झाले. तीनच्या गाडीत त्याने सांगितलं? तेव्हा तर त्याला निकाल माहीतच नव्हता. घरी येऊन विचारलं, "तुमी कशावरसून सांगल्यात? तुमी तर आधीच उठान गेल्यात."

"त्या दाढयेवाल्याचां तोंड बगलंय मी," तो म्हणाला. "चुकीच्या रस्त्यार गाडी घातलेल्या ड्रायव्हराचां तोंड माका कळता."

मी इतकी हसले की पेडवे साफ करायचे राहिले. एरवी मी त्याला रागावले असते, मागच्या वेळच्या फजितीची आठवण करून दिली असती. पण त्या दिवशी मला त्याचा अभिमानच वाटला. माझ्यावर विश्वास ठेवायला तो निकालासाठी थांबला नव्हता.

लेख छापून यायला आणखी एक वर्ष गेलं. मला पीएचडी मिळाली, आणि कॉलेजने सत्कार ठेवला. मागे मोठा फलक लावला होता: 'कृष्णविवराचा शोध लावल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. तो बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण कार्यक्रम सुरू झालेला, पाहुणे बसलेले. प्रमुख पाहुणे म्हणाले की आमच्या सिंधुदुर्गाच्या लेकीने आकाशात कृष्णविवर शोधून काढलं, परदेशातल्यांना जे दिसलं नाही ते हिने मालवणातून पाहिलं. टाळ्या झाल्या. पहिल्या रांगेत आई पदराने डोळे पुसत होती. मी भाषणात हे दुरुस्त करीन, असं मनाशी घोकत होते.

माझ्या आधी सूत्रसंचालकाने अचानक माझ्या नवऱ्याला दोन शब्द बोलायला बोलावलं. त्याने आयुष्यात माइक हातात धरला नव्हता. तो वर आला, माइकपासून हातभर लांब उभा राहिला आणि आधी प्रमाण मराठीत सुरुवात केली, "उपस्थित सर्वांना..." मग थांबला. मग आपल्या भाषेत बोलला.

"त्या बोर्डार लिवलां आसा तां बरोबर नाय. हिना शोध नाय लावल्यान. तां कृष्णविवर आधीच सगळ्यांका म्हायत होतां. हिना तेचां वजन केल्यान. आधी एकदा चुकलां, तेव्हा परत केल्यान. हिचां वजन पण दोन-तीन पटीन इकडे-तिकडे होवक शकता, तां पण हिना लिवन ठेवल्यान आसा. लोक तां लिवनत नाय."

सभागृहात आधी हशा झाला, आणि मग ज्या टाळ्या पडल्या त्या प्रमुख पाहुण्यांच्या वेळेपेक्षा मोठ्या होत्या. पाहुणेही हसून वाजवत होते. मॅडम तेवढ्यासाठी लांबून आल्या होत्या, त्या माझ्या कानाशी वाकून म्हणाल्या, "चुकीचा पल्ला इतक्या नीट सांगणारे माझ्या विभागात दोन जणही नाहीत."

मला भाषणात दुरुस्त करायला काही उरलंच नव्हतं. मी आभार मानले, वही उघडून तो आकडा वाचून दाखवला, अधिकउण्यासकट, आणि खाली बसले.

आता तो आकडा एका लांबलचक तक्त्यात आहे. कितीतरी दीर्घिका, कितीतरी ओळी, त्यांत आमची एक. गेल्या महिन्यात एका नव्या लेखात मला तो तक्ता दिसला. मी तो मोठा करून नवऱ्याला दाखवला. त्याने चष्मा लावला, बोट ठेवून ती ओळ शेवटपर्यंत वाचली, आकडे नीट बघितले, आणि म्हणाला, "बरां. आता खालच्या वळीचां कोणी केल्यान, तां सांग."